शेतमालाच्या पिकअप गाडीची उंची आणि तिचे टायर

आमच्या गोदाकांठच्या भागांत बैलगाडीच्या जागीं आतां बहुतेक बागाइतदारांच्या दारीं पिकअप गाडी उभी असते. कांदा, टोमॅटो, द्राक्षें, खत, पेंड, प्रसंगीं विकावयाची म्हैस, या सर्वांची ने-आण तीच करते. गाडीबरोबर तिच्यासंबंधीं एक टूमहि आली आहे, ती म्हणजे गाडी 'उंच करून घेणें'. पाटे वाढवावे, आंस व पाटे यांच्यामध्यें लोखंडी ठोकळे घालावे, मूळचे टायर काढून मोठे चढवावे, म्हणजे गाडी चिखलांत, बांधावर अगर नाल्यांत कोठेंहि अडत नाहीं, अशी समजूत तरुण मंडळींत दृढ होत चालली आहे. या समजुतींत खरें किती व खोटें किती, हें पट्टी व गणित यांच्या साह्यानें पाहावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

आमचा जन्म मुलकी खात्याच्या कारकुनींत गेला. यंत्रशास्त्राचें शिक्षण आम्हांस नाहीं. परंतु मोजल्यावांचून लिहूं नये व वाचल्यावांचून सही करूं नये, ही संवय त्या नोकरीनें लावली. या विषयाकडे आमचें लक्ष जाण्यास आमच्याच घरीं एक दुःखद कारण घडलें. तें योग्य ठिकाणीं सांगूं.

टूम कोठून आली

गाडी उंच करण्याची ही चाल मुख्यतः अमेरिकेंतील. तेथें ज्यास जड कामाची पिकअप म्हणतात ती आपल्या गाडीहून पुष्कळ मोठी असते. फोर्ड कंपनीची एफ-२५० ही गाडी उदाहरणादाखल घेऊं. आरसे सोडून तिची रुंदी ८० इंच, म्हणजे ६ फूट ८ इंच. चार दारांची व लांब हौद्याची असेल तर लांबी सुमारें २२ फूट. तिच्या वर्गांतील गाडीचें भरल्या मालासह वजन ८,५०१ पासून १०,००० पौंडांपर्यंत, म्हणजे साडेचार टनांच्या आसपास जातें. आपल्याकडील सामान्य पिकअप सतरा फुटांच्या आगेमागे लांब व साडेपांच फुटांच्या आसपास रुंद असते. दोहोंच्या अंगाबांध्यांत एवढें अंतर आहे.

अमेरिकेंत बर्फ, जंगलांतील वाटा व हौस या तीन कारणांनीं लोक गाड्या उंच करितात. त्यासाठीं लागणारे ठोकळे, स्प्रिंगा, दांडे व झटके शोषणाऱ्या नळ्या यांचा संच तयार पेटींत विकत मिळतो, त्यास लिफ्ट किट म्हणतात. दोन इंचांपासून सहा इंचांपर्यंत व त्याहूनहि अधिक उचल देणारे संच तेथें आहेत. परंतु तेथेंहि ज्यास मागें जड ट्रेलर जोडावयाचा असतो त्यास ही उंची नडते. जोडाचा आंकडा वर जातो व ट्रेलरचें तोंड आकाशाकडे होतें. मग तो आंकडा खालीं आणणारा वांकडा दांडा वेगळा घ्यावा लागतो. म्हणजे आधीं पैसे देऊन वर चढावें व पुन्हां पैसे देऊन खालीं उतरावें, असा तो व्यवहार होतो.

तेथील आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. फोर्ड, जनरल मोटर्स व रॅम या तिन्ही कंपन्यांच्या तशा गाड्यांच्या चाकास आठ बोल्ट असतात. पाहणारास तीं चाकें सारखींच दिसतात. परंतु बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास फोर्डचा १७० मिलिमीटर, जनरल मोटर्सच्या २०११ पासूनच्या गाड्यांचा १८० व रॅमचा १६५.१ आहे. एकाचें चाक दुसऱ्यास बसत नाहीं. आपल्याकडेहि पांच बोल्टांची रिम पाहून "बसेल" म्हणणारे मिस्त्री आहेत. बोल्ट मोजणें निराळें व बोल्टांचें वर्तुळ मोजणें निराळें.

टायरावरील आंकडे कसे वाचावे

सातबारा वाचतां येत नाहीं तो शेतकरी जसा दुसऱ्याच्या ओठांकडे पाहतो, तसा टायर वाचतां येत नाहीं तो दुकानदाराच्या ओठांकडे पाहतो. वास्तविक टायराच्या कडेवर सर्व कांहीं लिहिलेलें असतें. समजा, तेथें '२१५/७५ आर १५' असे आंकडे आहेत. त्यांचा अर्थ असा :

२१५ ही टायराची रुंदी, मिलिमीटरमध्यें. ७५ म्हणजे टायराच्या कडेची उंची रुंदीच्या शेंकडा ७५ आहे. आर हें अक्षर आंतील धाग्यांची ठेवण दाखवितें, अशा टायरास रेडियल म्हणतात. १५ म्हणजे रिमचा व्यास १५ इंच.

आतां गणित करूं. २१५ चे शेंकडा ७५ म्हणजे १६१.२५ मिलिमीटर. कड वर एक व खालीं एक, म्हणून दुप्पट ३२२.५. रिमचे १५ इंच म्हणजे ३८१ मिलिमीटर. बेरीज ७०३.५ मिलिमीटर. हा टायराचा पूर्ण व्यास होय. याच रीतीनें '२३५/७५ आर १५' याचा व्यास काढला तर ७३३.५ येतो. अमेरिकन मोठ्या टायरांवर पुष्कळदां '३५ × १२.५० आर १७' असें लिहिलेलें आढळतें. तेथें पहिला आंकडा सरळ व्यासाचा, दुसरा रुंदीचा व तिसरा रिमचा, तिन्ही इंचांत.

या आंकड्यांच्या पुढें बहुधा आणखी एक आंकडा व अक्षर असतें. तो भाराचा निर्देशांक. १०० म्हणजे एका टायरावर ८०० किलो, १०४ म्हणजे ९०० किलो, १०८ म्हणजे १,००० किलो, ११२ म्हणजे १,१२० किलो. अक्षर वेगाची मर्यादा सांगतें. मालवाहू टायरावर '१०९/१०७' असे दोन आंकडेहि असतात. पहिला एकेरी चाकासाठीं, दुसरा जोडचाकासाठीं. टायर घेतांना व्यासापेक्षां हा आंकडा आधीं पाहावा. दिसण्यास मोठा व दणकट, पण भाराचा आंकडा मूळच्या टायराहून कमी, असे टायर बाजारांत पुष्कळ आहेत. ते मोटारींसाठीं केलेले असतात, कांद्यासाठीं नव्हेत.

शेवटची खूण वयाची. एका लंबगोलांत चार आंकडे असतात. '२३२३' असेल तर तो टायर २०२३ सालच्या तेविसाव्या आठवड्यांत तयार झाला. रबर ऊन व वाऱ्यानें जुनें होतें. न वापरलेला टायरहि दुकानांत पडून म्हातारा होतो. स्वस्त म्हणून घेतलेल्या टायराचें जन्मसाल अवश्य पाहावें.

मोठा टायर काय देतो व काय घेतो

वरील दोन टायरांच्या व्यासांत ३० मिलिमीटरचा फरक आहे. चाकाचा मध्य व्यासाच्या निम्म्यावर असतो, म्हणून गाडी वर उचलली जाते ती निम्मी, म्हणजे १५ मिलिमीटर. सव्वा इंच मोठा टायर घ्यावा तेव्हां अर्ध्या इंचाहून किंचित् अधिक उंची हातीं लागते.

याच्या मोबदल्यांत काय जातें तें पाहूं. मोठ्या टायराचा घेर शेंकडा सव्वाचारांनीं अधिक. लहान टायर एका किलोमीटरमध्यें सुमारें ४५२ फेरे घेतो, मोठा ४३४ घेतो. गाडीचें घड्याळ फेरे मोजतें, रस्ता मोजीत नाहीं. म्हणून कांटा ६० दाखवील तेव्हां खरा वेग साडेबासष्टांवर गेलेला असतो. घड्याळांत १०० किलोमीटर पडले कीं प्रत्यक्षांत १०४ झालेले असतात, आणि मालक 'गाडी तेल अधिक खाऊं लागली' म्हणून हिशेब चुकवितो. चढावर ओढहि शेंकडा चारांनीं कमी पडते, कारण तेंच इंजिन आतां मोठें चाक फिरवीत असतें.

शिवाय मोठा टायर वळतांना चिखलपट्टीस घासतो. आपल्या काळ्या रानांत दुसरी अडचण आहे. पावसाळ्यांत चिकण माती टायर व चिखलपट्टी यांच्या फटींत भरते. फट जितकी अरुंद, तितकें चाक लौकर जाम होतें. फट राहावी म्हणून कांहीं मंडळी चाक बाहेर काढणाऱ्या रिमा बसवितात. त्यानें भार बेअरिंगच्या बाहेरच्या अंगास जातो. बैलगाडीचें चाक कुणीकडे ओढूं लागलें कीं आंसाची काय गत होते, तें वाचकांस सांगावयास नकोच.

उंची कोठें वाढते

आतां मुख्य मुद्द्याकडे येऊं. गाडी अडते ती कोठें? हौदा जमिनीपासून हातभर वर असतो, तो अडत नाहीं. गाडींत सर्वांत खालीं असतो तो मागच्या आंसाच्या मध्यावरील गोळा, ज्यांत दांतेरी चक्रें असून मिस्त्री लोक त्यास डिफरन्शियल म्हणतात. दोन चाकोऱ्यांमधील मातीचा उंचवटा अगर बांधावरील दगड प्रथम लागतो तो त्या गोळ्यास. आणि हा गोळा आंसाचा भाग आहे. आंस चाकांवर बसलेला आहे. पाटे आंसाच्या वर आहेत. म्हणून पाटे वाढविले अगर त्यांच्याखालीं ठोकळे घातले तर वर जातो तो हौदा व चौकट. गोळा होता तेथेंच राहतो. त्यास वर नेणारी एकच वस्तु, ती म्हणजे टायराचा व्यास, व तीहि निम्म्यानेंच.

अमेरिकेंतील त्या थोरल्या गाडीचेंच पाहा. २७५/७० आर १८ या मापाच्या टायराचा व्यास सुमारें ३३ इंच. त्या जागीं ३५ इंची बसविण्यासाठीं गाडी वर उचलतात. पाहणारास ती रथासारखी उंच भासते. गोळा मात्र एक इंचाच्या आंतच वर गेलेला असतो.

हें आम्ही पुस्तकी सांगत नाहीं. आमच्या पुतण्याची गाडी व शेजारच्या एका गृहस्थाची गाडी एकाच कारखान्याच्या व एकाच सालच्या. शेजाऱ्याची जशीच्या तशी, पुतण्याची उंच केलेली. दोन्ही खळ्याच्या सिमेंटच्या जमिनीवर शेजारीं उभ्या करून आम्हीं पट्टीनें मापें घेतलीं. हौद्याचा तळ शेजाऱ्याच्या गाडीचा ३३ इंचांवर, पुतण्याच्या गाडीचा साडेछत्तीस इंचांवर. गोळ्याखालचें अंतर शेजाऱ्याचें पावणेआठ इंच, पुतण्याचें सव्वाआठ इंच. साडेतीन इंचांपैकीं कामाचा अर्धा इंच, व तोहि टायरामुळें. ठोकळे व पाटे यांनीं एक दोराहि दिला नव्हता. या अर्ध्या इंचासाठीं वीस हजार रुपये गेले होते.

बाकीचे तीन इंच कोणास मिळाले? ते पाट्या उचलणाऱ्या बायांच्या खांद्यांस मिळाले. मोकळा कांदा पाटीपाटीनें हौद्यांत पडतो. प्रत्येक पाटी तीन इंच अधिक वर न्यावी लागते, व असल्या शेंकडों पाट्या एका खेपेस होतात.

यंत्रासहि त्याचें देणें असतें. इंजिनाकडून मागच्या आंसाकडे जाणारा लांब दांडा अधिक तिरपा होतो व त्याचे क्रॉस लौकर झिजतात. पुष्कळ गाड्यांत हौद्यावरील भार ओळखून मागच्या ब्रेकाचा जोर कमीजास्त करणारी एक झडप असते. चौकट व आंस यांतील अंतर भारानें कमी झालें कीं भार अधिक आहे असें ती समजते. ठोकळे घालून तें अंतर वाढविलें म्हणजे भरलेली गाडीहि तिला रिकामी वाटते, आणि मागचे ब्रेक ऐन भाराच्या वेळीं हात राखून लागतात. ही गोष्ट गाडी उंच करणाऱ्या बहुतेकांस ठाऊक नसते. आम्हांसहि नव्हती.

पाटे वाढविल्यानें गाडी अधिक माल नेते, ही समजूतहि अशीच. पाटा वांकत नाहीं, म्हणून भार नाहींसा होत नाहीं. तो आंस, बेअरिंग व चौकट यांवर तसाच पडतो. पाट्यानें फक्त तक्रार करणें बंद केलेलें असतें.

तोल, आणि आमच्या घरची गोष्ट

कडब्याची गाडी भरतांना आपले वडील मंडळी ती किती वर न्यावयाची हें डोळ्यानें ठरवीत. त्यामागील शास्त्र गवंड्याच्या ओळंब्यानें समजतें. मालासह गाडीचा जो भारमध्य, तेथून ओळंबा सोडला असतां तो दोन चाकांच्या आंत पडला पाहिजे. आडव्या उतारावर गाडी कलली कीं ओळंबा खालच्या चाकाकडे सरकतो. तो चाकाच्या बाहेर गेला कीं गाडी पडलीच. भारमध्य जितका उंच, तितक्या थोड्या कलण्यानें तो बाहेर जातो.

समजा, चाकांमधील अंतराचें निम्में २७ इंच व भरलेल्या गाडीचा भारमध्य ४० इंचांवर आहे. अशी गाडी उभी असतां सुमारें ३४ अंश कलली कीं पडेल. गाडी साडेतीन इंच उंच केली तर ३२ अंशांवर पडेल. हौद्याच्या फळ्यांवर आणखी फळ्या बांधून माल चढविला, भारमध्य दहा इंच वर गेला व त्यांत गाडीची वाढीव उंची मिळाली, तर २७ अंशांवर. हे आंकडे उभ्या, निश्चल गाडीचे. चालत्या गाडींत खालच्या अंगाचे पाटे व टायर दबतात, मोकळा कांदा त्या अंगास सरकतो, चाकोरीचा धक्का बसतो, आणि शिल्लक त्याहून फारच थोडी राहते.

दोन वर्षांमागें श्रावणांत आमच्या पुतण्यानें चाळींतला कांदा लासलगांवच्या बाजारासाठीं भरला. गाडी वैशाखांत उंच करून आणलेली होती. भाव बरा होता, म्हणून फळ्या वाढवून माल चढविला. मळ्यांतून येण्यास दोन वाटा आहेत. एक लांबची, मुरुमाची. दुसरी नाल्याच्या कडेनें जाणारी, आडवी कललेली. पूर्वी पावसाळ्यांत या दुसऱ्या वाटेस तो भरली गाडी कधींहि घालीत नसे. त्या दिवशीं घातली. मागें मालावर आमचा वीस वर्षांचा जुना सालदार बसला होता. नाल्याच्या वळणावर डावें चाक ओल्या चाकोरींत उतरलें, कांदा त्या अंगास सरकला, आणि गाडी सावकाश, कोणी हात देऊन निजवावी तशी, नाल्यांत कलंडली. पुतण्याच्या खांद्याचें हाड मोडलें, तें जुळलें. सालदाराचा पाय फळीखालीं अर्धा तास अडकून होता. तो आजहि काठीवांचून चालत नाहीं.

गाडी केवळ ठोकळ्यांमुळें पडली असें म्हणणें न्यायाचें होणार नाहीं. चढविलेला माल, ओली वाट व मालावर माणूस बसविण्याची चुकीची व बेकायदा चाल, या सर्वांचा त्यांत वांटा आहे. परंतु आम्हीं पुतण्यास विचारलें कीं, ज्या वाटेस तूं चार वर्षें गेला नाहींस त्या वाटेस त्या दिवशीं कां गेलास? त्यानें खालीं मान घालून सांगितलें, "काका, गाडी उंच केली होती ना!" या उत्तरांत सर्व कांहीं आलें. गाडी अर्धा इंच वाढली होती व भरंवसा हातभर वाढला होता. आणि तो भरंवसा वाढविण्यास लागलेल्या वीस हजारांपैकीं दहा हजार आम्हीं दिले होते. ठोकळे घालणाऱ्या कारखानदारानें गोळा, ब्रेक, तोल यांविषयीं एक शब्दहि सांगितला नाहीं हें खरें. आम्हींहि विचारला नाहीं हें तितकेंच खरें.

नोंद नसलेला फेरफार

गाडीचें नोंदणीपत्र हा तिचा सातबारा होय. रिकाम्या गाडीचें वजन व मालासह जास्तींत जास्त वजन हे दोन आंकडे त्यांत असतात. दोहोंच्या वजाबाकींतून चालक व सोबती यांचें वजन काढलें म्हणजे राहील तेवढाच माल आपला. बाजारास जातांना एकदां तरी गाडी वजनकांट्यावर घालून भरल्या हौद्याचें वजन किती होतें तें पाहावें. कांटा डोळ्यापेक्षां खरें बोलतो.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणें, कारखान्यानें ठरविलेल्या तपशिलाशीं न जुळणारा फेरफार गाडींत करतां येत नाहीं. जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंहि तोच अर्थ कायम केला. त्याच वर्षाच्या दुरुस्तीनें, बेकायदा फेरफार करणाऱ्या मालकास दर फेरफारामागें पांच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, अगर दोन्ही, अशी शिक्षा घातली. ठरलेल्या वजनापेक्षां अधिक माल नेल्यास वीस हजार रुपये व वर प्रत्येक जादा टनास दोन हजार, असा दंडहि त्याच दुरुस्तींतला. कारखान्यानेंच त्या गाडीसाठीं एकाहून अधिक मापांचे टायर मान्य केले असतील तर त्यांतून निवड करण्यास मुभा आहे. हीं मापें गाडीच्या पुस्तिकेंत असतात, व बहुधा चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पत्र्यावरहि असतात.

आमच्या प्रसंगांत विमा कंपनीचा पाहणी करणारा मनुष्य आला, त्यानें पट्टी लावून ठोकळे मोजले व टिपून घेतले. पुढें भरपाई मिळाली ती मागितलेल्या रकमेच्या निम्म्याहूनहि कमी. त्यावर घरांत पुष्कळ राग झाला. परंतु ज्यानें जन्मभर लोकांस 'नोंद नाहीं, तर फेरफार नाहीं' असें सांगितलें, त्यास रागावण्यास तोंड राहिलें नव्हतें.

मग करावें काय

चिखलांत गाडी अडते ही अडचण खोटी नाहीं. तिचा उपाय बहुधा गाडींत नसून खालच्या जमिनींत असतो.

पहिला उपाय वाटेचा. दोन चाकोऱ्यांमधील उंचवटा फावड्यानें तासला तर एका सकाळींत तीन चार इंच जागा मिळते, जी वीस हजारांत मिळाली नाहीं. आडव्या उताराच्या जागीं खालच्या अंगास भर घालावी. नाल्यावर नळ्या टाकाव्या. मुरूम टाकतांना गौण खनिजाची परवानगी तहसील कचेरींतून आधीं घ्यावी. वाट बांधावरून हवी असेल व शेजारी देत नसेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचें १४३ वें कलम त्यासाठींच आहे, व असलेली वाट कोणी अडविली तर १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याखालीं तहसीलदाराकडे दाद मागतां येते.

दुसरा उपाय हवेचा. टायर जमिनीवर जेवढ्या जागेनें टेकतो, तेथील दाब सामान्यतः आंतील हवेच्या दाबाइतका असतो. चौरस इंचास ५० पौंड हवा असतां २,७०० किलोची भरलेली गाडी चारी टायर मिळून एका चौरस फुटापेक्षांहि कमी जागेवर उभी असते. ओल्या काळ्या रानांत ती कां रुतते व तिच्याखालची माती कां दगडासारखी होते, तें यावरून कळेल. म्हणून ओल असतां भरली गाडी रानांत घालूंच नये. माल ट्रॉलींतून अगर बैलगाडींतून रस्त्यापर्यंत आणावा. रस्त्यावरील हवा मात्र पुस्तिकेंत दिल्याप्रमाणें, रिकाम्या व भरल्या गाडीस निरनिराळी, टायर थंड असतां भरावी. कमी हवेचा टायर भाराखालीं तापतो व फुटतो.

तिसरा उपाय नक्षीचा. टायराच्या खांचांची खोली १.६ मिलिमीटरपेक्षां कमी झाली तर तो टायर कायद्यानें बाद. खांचांच्या तळाशीं लहान उंचवटे असतात. टायर त्यांच्या पातळीस झिजला कीं बदलण्याची वेळ झाली असें समजावें. चिखलाच्या वाटेस वाट पाहूं नये, त्याच्या पुष्कळ आधीं बदलावा. रिमोल्ड केलेला टायर पुढच्या चाकास कदापि घालूं नये.

चौथा उपाय पाट्यांचा. पुष्कळ जुन्या गाड्यांचे पाटे बसलेले असतात व त्यामुळें गाडी मूळच्यापेक्षां खालीं आलेली असते. असे पाटे बदलून गाडी मूळच्या उंचीवर आणणें हें योग्य आहे, व त्यास उंच करणें म्हणत नाहींत. यासाठीं नवी गाडी घरीं येतांच तिचीं चार मापें एका वहींत लिहून ठेवावीं : चारी चाकांच्या मध्यापासून वरच्या चिखलपट्टीच्या कडेपर्यंतची उंची, हौद्याच्या तळाची उंची, मागच्या गोळ्याखालचें अंतर, व टायरावरील सर्व आंकडे. दर वर्षीं पावसाळ्यापूर्वी तींच मापें सपाट जमिनीवर, गाडी रिकामी असतां, पुन्हां घ्यावीं. दोन बोटांचा फरक पडला तर पाटे पाहावे. चाक काढून बसविलें असेल त्या दिवशीं नट आवळून थांबूं नये, पन्नास शंभर किलोमीटर गाडी चालल्यावर पुन्हां एकदां आवळावे.

इतकें करूनहि कोणास गाडीचें अंग वाढवावेंसें वाटलें, तर त्यानें मिस्त्र्यास तीन प्रश्न विचारावे : गोळ्याखालचें अंतर किती वाढेल? ब्रेकाच्या झडपेचें काय कराल? नोंदणीपत्रांत हें कसें बसेल? तिन्ही उत्तरें कागदावर सहीनिशीं मिळालीं तर पुढचा विचार करावा. आमच्या पाहण्यांत अशीं उत्तरें देणारा मिस्त्री अद्याप आलेला नाहीं.

आमच्या पुतण्यानें ठोकळे काढून टाकले असून मूळच्या मापाचे टायर बसविले आहेत. नाल्याची वाट आम्हीं गेल्या उन्हाळ्यांत भरून घेतली. भर घालण्याच्या कामावर देखरेख करण्यास सालदार रोज काठी टेकीत येत असे. कोठें किती भर हवी तें त्याच्याइतकें दुसऱ्या कोणास ठाऊक असणार? ते ठोकळे आम्हीं खळ्यांतील खिडकींत ठेवले आहेत. गाडी उंच करण्याचा सल्ला विचारण्यास जो कोणी येतो, त्याच्या हातीं आधीं ते देतों, आणि मग पट्टी.